जॉर्जेट हेयर: न भेटणारी लेखिका आणि न सोडणारे वाचक

प्रेमकादंबऱ्या लिहिणाऱ्या बाईबद्दल बोलायचं झालं की बोलणं लगेच दोन वाटांना जातं. एकीकडे खपाचे आकडे, दुसरीकडे समीक्षकांची मुरडलेली नाकं. ज्यांनी ती पुस्तकं उशाशी ठेवून चार-चारदा वाचली, त्यांचं म्हणणं फारसं कुठे उरत नाही. त्यांची पत्रं लेखिकेच्या घरी जातात आणि बहुधा तिथंच संपतात. जॉर्जेट हेयर (१९०२–१९७४) या इंग्रज कादंबरीकर्तीच्या बाबतीत मात्र वाचकांची बाजू बरीचशी हाती लागते, आणि म्हणूनच हे प्रकरण मला सविस्तर मांडावंसं वाटतं. तिच्या पुस्तकांचं खरं बळ कशात आहे हे तिच्या वाचकांनी तिच्याआधी ओळखलं होतं. तिला स्वतःला ते कधीच पुरतं पटलं नाही, आणि या न पटण्याची मोठी किंमत तिनं मोजली.

सुरुवात घरातच झाली. विंबल्डनमधल्या एका शिक्षकाची ही थोरली मुलगी. धाकटा भाऊ बोरिस याला रक्त न गोठण्याचा आजार होता. तो दुखण्यातून उठत असताना त्याचं मन रमावं म्हणून तिनं त्याला वाटमारी करणाऱ्या एका उमरावाची गोष्ट भागाभागानं रचून सांगितली. वडिलांना ती आवडली, त्यांनी छापायचा आग्रह धरला आणि १९२१ मध्ये ‘द ब्लॅक मॉथ’ बाहेर आली, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. म्हणजे तिचा पहिला वाचक हा अंथरुणाला खिळलेला एक मुलगा होता. पुढे जे घडलं त्याच्याशी याचा संबंध आहे असं मला वाटतं. पडून राहिलेल्या, कंटाळलेल्या, घाबरलेल्या माणसाला गोष्टीत कसं धरून ठेवायचं हे ती तिथं शिकली.

१९२५ मध्ये तिचं रोनाल्ड रूजिए या खाण अभियंत्याशी लग्न झालं आणि त्याच वर्षी वडील अचानक वारले. भावांच्या खर्चाचा भार तिच्या लेखणीवर आला. नवऱ्याच्या नोकरीपायी ती आधी टांगानिकात आणि मग मॅसिडोनियात राहिली, आणि आफ्रिकेत संदर्भाची पुस्तकं जवळ नसतानाही १७४५ च्या बंडानंतरच्या इंग्लंडवर तिनं एक कादंबरी लिहून काढली. इंग्लंडला परतल्यावर रोनाल्डनं धंदे करून पाहिले, पुढे तो बॅरिस्टर झाला. त्याचा जम बसेपर्यंत घर तिच्याच पुस्तकांवर चाललं. वर्षाला एक प्रेमकथा आणि एक रहस्यकथा हा तिचा बरीच वर्षं शिरस्ता होता. रहस्यकथांचे कट रोनाल्ड सुचवायचा.

दार बंद ठेवण्याचा निर्णय

१९२६ हे ब्रिटनमधल्या सार्वत्रिक संपाचं वर्ष. त्याच वर्षी ‘दीज ओल्ड शेड्स’ निघाली. जाहिरातींचा किंवा परीक्षणांचा हात पाठीशी नसताना तिच्या १,९०,००० प्रती खपल्या. हेयरनं यातून जो धडा घेतला तो जन्मभर सोडला नाही. पुस्तक चालायचं तर ते पुस्तकामुळे चालेल, लेखिकेच्या मिरवण्यामुळे नाही. तिनं आयुष्यात एकही मुलाखत दिली नाही. कोणी माहिती विचारली तर मी माझ्या लेखनात सापडेन, एवढंच ती कळवायची. लंडनमध्ये ती मिसेस रूजिए म्हणून वावरली आणि बहुतेक वाचकांना हे सासरचं नाव कळलं ते थेट तिच्या मृत्युलेखात.

नंतरच्या वर्षांत तिच्या कादंबरीची पहिली छपाईच ६५ ते ७५ हजारांची असे, पुठ्ठाबांधणीतल्या प्रती लाखाच्या वर जात आणि स्वस्त आवृत्त्या पाच-पाच लाख खपत. तरी गंभीर वृत्तपत्रांनी आणि नियतकालिकांनी तिची कधी सविस्तर दखल घेतली नाही. वर्षानुवर्षं तिच्या कानावर वाचकांशिवाय दुसरा आवाजच नव्हता, आणि त्या आवाजाला तिनं हातभर अंतरावर ठेवलं होतं.

तिला मान हवा होता तो इतिहासकार म्हणून. आणि तिचा अभ्यास खरोखरच मान द्यावा असा होता. घरात हजाराहून अधिक संदर्भग्रंथ. वह्यांमध्ये टोप्या, गाड्या, घोडे, मेणबत्त्यांचे भाव, शिव्या, जुगारीच्या अड्ड्यावरची बोली, सगळं वेगवेगळं नोंदवलेलं. तिच्या बहुतेक प्रेमकथा ‘रीजन्सी’ काळात घडतात, म्हणजे राजा तिसरा जॉर्ज वेडसर झाल्यावर त्याच्या मुलानं १८११ ते १८२० पर्यंत राज्य सांभाळलं तो काळ. आपल्याकडे याच वर्षांत खडकीची लढाई झाली आणि पेशवाई बुडाली. नेपोलियन जिथं हरला त्या वॉटर्लूच्या लढाईवरच्या ‘अ‍ॅन इन्फेमस आर्मी’ (१९३७) या कादंबरीत ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनच्या तोंडी जे शब्द आहेत ते त्यानं प्रत्यक्षात उच्चारलेले किंवा लिहिलेले आहेत असा तिचा दावा होता. त्याची शैली नेमकी पकडता यावी म्हणून तिनं त्याचं एक मूळ पत्र विकत घेतलं होतं. हाच वेलिंग्टन १८०३ मध्ये आर्थर वेलस्ली या नावानं अहमदनगरचा किल्ला घेऊन असईच्या मैदानावर शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला. मराठी वाचक ही कादंबरी वाचतो तेव्हा त्याला हा माणूस थोडा वेगळ्या बाजूनं ठाऊक असतो. सॅंडहर्स्टच्या लष्करी शाळेत वॉटर्लू समजून घ्यायला ही कादंबरी सुचवली जाऊ लागली, आणि याचा हेयरला फार अभिमान होता.

पण वाचक तिच्याकडे लढाईसाठी येत नव्हते.

तुरुंगातली गोष्ट

१९४३ मध्ये, दुसरं महायुद्ध ऐन भरात असताना, ती ‘फ्रायडेज चाइल्ड’ लिहीत होती. त्या सुमारास एका पत्रात तिनं लिहिलं की असला मूर्खपणा लिहिल्याबद्दल आपल्याला गोळी घालायला हवी. पण हवाई हल्ल्यात तळघरात बसलो असतो किंवा तापातून उठत असतो तर आपल्याला हे पुस्तक आवडलं असतं. कथा वरवर अगदी हलकी. एका बड्या घरच्या मुलीनं नकार दिल्यावर रागावलेला तरुण उमराव शपथ घेतो की आता पहिली दिसेल त्या मुलीशी लग्न करीन. दिसते ती लहानपणापासून ओळखीची, कोणाच्या तरी घरी पोसली गेलेली हीरो नावाची अनाथ मुलगी. लग्न सुरुवातीलाच उरकतं. पुढची सगळी कादंबरी या दोन अजाण पोरांच्या संसाराची, त्यांच्या फजित्यांची आणि मित्रांच्या धावपळीची.

पुढे हेयरला एक पत्र आलं. लिहिणारी बाई रुमानियात राजकीय कैदी होती. तिनं कळवलं होतं की तुरुंगात बारा वर्षं तिनं बरोबरच्या बायकांना ‘फ्रायडेज चाइल्ड’ची गोष्ट परत परत सांगितली, आणि त्यावर त्या तगून राहिल्या. हेयरनं वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी जपून ठेवलं ते हे एक.

या पत्राकडे भावनेच्या भरात पाहून पुढे जाणं सोपं आहे. मला त्यातली कारागिरीची बाजू महत्त्वाची वाटते. हातात पुस्तक नसताना, केवळ आठवणीवर, अनेक वर्षं सांगत राहता येईल अशी कादंबरी किती जणांना लिहिता येते? त्यासाठी प्रसंगांची साखळी घट्ट लागते, पात्रं दोन वाक्यांत ओळखू यावी लागतात, आणि हसू कुठे फुटणार हे ठरलेलं असावं लागतं. हेयरच्या रचनेत हे सगळं आहे. चार मित्रांपैकी कोण कधी काय बोलेल हे ऐकणारी बाई तिसऱ्या रात्री स्वतः सांगू शकली असती. तिनं स्वतः ज्याला मूर्खपणा म्हटलं ते किती पक्कं बांधलेलं होतं याची परीक्षा एका कोठडीत झाली, आणि ती घेणारे वाचकच होते.

पहारा वाचकांचा

१९५० मध्ये एका वाचकानं हेयरला कळवलं की बार्बरा कार्टलँड या लेखिकेनं तुमची पुस्तकं चांगलीच पचवलेली दिसतात. हेयरनं ती पुस्तकं मागवून वाचली. पात्रांची नावं, काही जशीच्या तशी, काही किंचित फिरवलेली. स्वभाव, प्रसंग, संवादांतल्या लकबी. ‘फ्रायडेज चाइल्ड’ आणि ‘दीज ओल्ड शेड्स’ यांच्याशी साम्य विशेष. हेयर चिडली, पण तिच्या चिडण्याची तऱ्हा पाहण्यासारखी आहे. तिनं वकिलासाठी बारकाईनं तुलना करून टिपण तयार केलं, आणि उचलेगिरीच्या जोडीनं कार्टलँडनं केलेल्या ऐतिहासिक चुका, त्या काळची बोली कुठे चुकीची वापरली, हेही तावातावानं दाखवलं. वकिलांनी सुचवलं की ही बातमी वृत्तपत्रांकडे जाऊ द्या. तिनं नकार दिला. प्रकरण कोर्टात गेलं नाही, माफी आली नाही, पण नक्कल थांबली.

१९६१ मध्ये असंच पुन्हा झालं. या वेळी कॅथलीन लिंडसे यांच्या कादंबऱ्यांबद्दल वाचकांची पत्रं आली, आणि त्यांतल्या काहींचा रोख हेयरवरच होता: तुम्ही टोपणनावानं सुमार पुस्तकं का काढता? हेयरनं प्रकाशकाकडे तक्रार केली, पुन्हा यादी केली. त्या यादीतला एक पुरावा फार पक्का होता. एक जुना वाक्प्रचार तिला खासगी वितरणापुरत्या छापलेल्या आठवणींच्या पुस्तकात सापडला होता, आणि ते पुस्तक बाजारात कोणालाच मिळण्यासारखं नव्हतं. तोच वाक्प्रचार लिंडसेच्या लेखनात वारंवार आढळला, तेव्हा तो हेयरच्या कादंबरीतूनच गेला असणार.

या दोन्ही वेळा चोरी कोणाच्या लक्षात आली? प्रकाशकाच्या नाही, समीक्षकांच्या नाही, खुद्द हेयरच्याही नाही. लक्षात आली ती वाचकांच्या. सामान्य समज असा की प्रेमकथांच्या वाचकाला एक पुस्तक दुसऱ्यासारखंच वाटतं, वेष्टण बदललं तरी त्याला चालतं. इथं तर वाचक नक्कल हातात येताच म्हणत होते की हे तुमचं नाही, किंवा तुमचं असेल तर तुम्ही घसरलात. वाक्याचा तोल, विनोदाची जागा, बोलीचा नेमकेपणा याला कान लागल्याशिवाय हे कळत नाही. हे वाचक त्या लेखनाचे जाणकार होते.

कर, मागणी आणि अपुरा राहिलेला ग्रंथ

हेयरच्या मनातलं मोठं काम निराळंच होतं. इंग्लंडच्या लँकेस्टर राजघराण्यावर, म्हणजे १३९३ ते १४३५ या काळावर, तीन भागांची कादंबरी. नायक बेडफर्डचा ड्यूक जॉन, राजा पाचव्या हेन्रीचा भाऊ. त्यासाठी तिनं उत्तरेतले किल्ले आणि स्कॉटलंडची सीमा पालथी घातली, वंशावळी आणि ढाली-निशाणांची चिन्हं गोळा केली. पण युद्धोत्तर ब्रिटनमध्ये मोठ्या उत्पन्नावर जबर आयकर होता, आणि तिचे पैशाचे व्यवहार कधीच धड लागले नाहीत. कराचं पत्र आलं की लँकेस्टर बाजूला ठेवायचं आणि एक रीजन्सी कादंबरी लिहायची. तिच्या मृत्यूनंतर १९७५ मध्ये पहिला भाग ‘माय लॉर्ड जॉन’ म्हणून अपुराच छापला गेला. त्याच्या प्रस्तावनेत रोनाल्डनं दोन कारणं दिली: करांचा जाच आणि नव्या पुस्तकासाठी वाचकांचा लकडा.

हे वाचलं की आपण सहज वाचकांना दोषी धरतो. मला ते मान्य नाही. ‘माय लॉर्ड जॉन’ वाचताना तिचे कष्ट जाणवतात, पण पात्रं हलत नाहीत. जुन्या भाषेचं ओझं प्रत्येक संवादावर आहे, आणि तिचा खास गुण, म्हणजे चार माणसं एका खोलीत आणून त्यांच्या बोलण्यातूनच गोंधळ उभा करणं, तो तिथं वापरायला जागाच नाही. तिला वाटायचं की गंभीर विषय म्हणजे गंभीर साहित्य. वाचक दर वर्षी तिला सांगत होते की तुझी बुद्धी विनोदात जास्त चालते. त्यांनी काही मोर्चे काढले नव्हते, ते पुस्तकं विकत घेत होते आणि पत्रं लिहीत होते. तिनं त्याला लकडा मानलं. ती चांगल्या कानानं वाचलेल्या माणसांची दाद होती, हे तिला कोणीतरी अधिकारानं सांगायला हवं होतं. ते काम समीक्षकांचं होतं आणि त्यांनी ते केलं नाही. कादंबरीकार ए. एस. बायट यांनी १९६९ मध्ये लेख लिहून ही लेखिका तुम्हाला वाटते त्याहून चांगली आहे असं मांडलं, तेव्हा हेयरचं बहुतेक लेखन होऊन गेलं होतं.

पैशाच्या कटकटीतून सुटायला हेयरनं १९६६ मध्ये आपल्या पुस्तकांच्या हक्कांची कंपनी बुकर या कंपनीला सुमारे ८५,००० पौंडांना विकली. बुकर म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या ब्रिटिश गियानातल्या साखरेचा मोठा व्यापार, जिथल्या उसाच्या मळ्यांवर भारतातून नेलेले करारबद्ध मजूर राबले. लोकप्रिय लेखकांचे हक्क घ्यायला या कंपनीनं जेम्स बाँडच्या कथा लिहिणाऱ्या इयन फ्लेमिंगपासून सुरुवात केली होती, आणि पुस्तकांशी जुळलेल्या या नात्यातूनच १९६९ मध्ये बुकर पारितोषिक सुरू झालं. ते पुढे १९९० मध्ये बायट यांनाच मिळालं. हेयरला तिच्या हयातीत कोणत्याही गंभीर पारितोषिकाच्या यादीत बसवायचा विचारही कोणी केला नसता.

आपल्याकडचा वाचक

मुंबई-पुण्यातल्या इंग्रजी वाचणाऱ्या घरांत आणि फिरत्या वाचनालयांत हेयर फार वाचली गेली. फोर्टच्या पदपथांवरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात तिची पिवळी पडलेली पुस्तकं अजून दिसतात. इथल्या बाईला ती इतकी का भावली, याचं एक कारण मला ‘अ सिव्हिल काँट्रॅक्ट’ (१९६१) मध्ये दिसतं. कर्जात बुडालेल्या घराण्याचा वारस अ‍ॅडम याचं एका देखण्या मुलीवर प्रेम आहे, पण घर वाचवायला तो एका श्रीमंत व्यापाऱ्याच्या जेनी या साध्या, ठेंगण्या मुलीशी लग्न करतो. सासरा पैशाच्या जोरावर जावयाच्या घरात ढवळाढवळ करतो. जेनीचं नवऱ्यावर आधीपासून प्रेम आहे, पण ती ते बोलून दाखवत नाही. त्याला कोणती भाजी आवडते, खोलीत कोणते पडदे चालतील, याकडे लक्ष देत राहते. शेवटी अ‍ॅडमला बायकोबद्दल जे वाटू लागतं ते उसळतं प्रेम नाही. ती नसेल तर चालणार नाही, एवढं मात्र त्याला कळतं.

या पुस्तकावरून हेयरच्या वाचकांत आजही दोन तट आहेत. काहींना वाटतं की जेनीला उरलंसुरलं मिळालं आणि लेखिकेनं फसवलं. काही ते तिचं सर्वांत प्रौढ पुस्तक मानतात. मी दुसऱ्या बाजूची. स्थळ, देणंघेणं, घराण्याची अब्रू, आत्या-माम्यांची मतं, लग्नानंतर हळूहळू जुळणारं मन, हे ज्यांनी घरात पाहिलं त्यांना जेनीची गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. ‘ब्लॅक शीप’ (१९६६) मधला नायक तर घरच्यांनी हिंदुस्थानात धाडलेला आणि वीस वर्षांनी पैसा करून परतलेला आहे. तो पैसा इथं कसा झाला याबद्दल कादंबरी फारसं बोलत नाही. इंग्रज वाचकाला हा प्रश्न पडत नसेल. आपल्याला पडतो, आणि पडायला हवा.

सोफीची ती पानं

‘द ग्रँड सोफी’ (१९५०) हे अनेकांचं सर्वांत लाडकं पुस्तक. उंच, धीट, सगळ्यांचे घोळ निस्तरणारी सोफी. पण त्यात एक प्रसंग आहे: आतेभावाचं कर्ज सोडवायला सोफी पिस्तूल घेऊन एका सावकाराकडे जाते. तो ज्यू आहे, आणि त्याचं रूप, वास, चाल, लोभ यांचं वर्णन ज्यूंबद्दलच्या सगळ्या जुन्या द्वेषातून घेतलेलं आहे. युरोपातल्या छळछावण्या उघड्या पडून पाच वर्षं झाली होती तेव्हा हे छापलं गेलं. काळच तसा होता म्हणून हे सोडून देता येत नाही.

इथंही बोट ठेवलं ते वाचकांनीच. जे हे पुस्तक मनापासून आवडतं म्हणतात, तेच नव्याला सांगतात की त्या प्रकरणापाशी सावध राहा. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या आवृत्तीत त्या पानांतले शब्द बदलण्यात आले. हेतू चांगला असेल, पण मला हा उपाय पटत नाही. हेयरनं एकेक शब्द पारखून वापरला, तेव्हा हेही तिनं पारखूनच लिहिलं. ते झाकलं तर पुढच्या वाचकाला एक निर्दोष लेखिका मिळते जी कधी नव्हतीच, आणि जुन्या वाचकांनी जे ओळखलं आणि एकमेकांना सांगितलं, त्याचीही खूण पुसली जाते. मूळ पानं तशीच ठेवून त्यांच्याआधी स्पष्ट शब्दांत टिपण द्यावं. रुमानियातल्या कोठडीत गोष्ट तोंडपाठ करणाऱ्या आणि नकलेवर पत्रं धाडणाऱ्या वाचकांच्या पुढच्या पिढ्यांना ते टिपण वाचून आपलं मत बनवता येईल.